रंगाची चालू बाटली

१

चौथा डोळा काढावा लागला तो दवाखान्याच्या कंपाउंडरच्याच बायकोचा. तेव्हा कुठे भंडाऱ्याच्या साहेबांना जाग आली. आधीचे तीन डोळे खळ्यावर आणि खाणीत राबणाऱ्यांचे होते. त्यांच्यासाठी कोण कागद हलवतो?

साल अठ्ठ्याहत्तर, महिना डिसेंबर. मोहाडीला टेकचंदशेठच्या ट्रस्टचा डोळ्यांचा छोटा दवाखाना होता. धानाच्या मळणीचे दिवस होते. या दिवसांत कुसळ डोळ्यात जाणं ही आमच्याकडे दरवर्षीचीच रड. बुबुळावर ओरखडा उठतो, आठवडाभर पट्टी बांधली की माणूस पुन्हा खळ्यावर उभा. पण त्या वर्षी दिवाळीनंतर ओरखडा घेऊन आलेल्या चौघांचे डोळे तीन-चार दिवसांत सडले. चौघेही एकाच दवाखान्यातले.

चौकशीला मला पाठवलं. मी केवळराम, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं लोकांची थुंकी तपासणारा माणूस. मोठे साहेब यायला तयार नव्हते, कारण गावकऱ्यांनी डॉक्टरांच्या खोलीच्या काचा फोडल्या होत्या. "केवळराम, तुम्ही शांत माणूस आहात," असं म्हणून त्यांनी मला एसटीत बसवलं. मी शांत वगैरे मुळीच नाही, बायकोला विचारा. मला फक्त नाही म्हणता येत नाही.

दवाखान्याच्या फाटकातच कंपाउंडर पुंडलिकराव उभे होते. वय पन्नाशीचं, सदरा पांढराशुभ्र, नखं अगदी मुळापासून कापलेली. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चालता चालताच बोलायला लागले.

"साहेब, सोमवारी ट्रस्टची बैठक हाय. डॉक्टरले काढाचा अर्ज मीनंच देल्ला. ज्यानं माह्या मंदेचा डोळा घेतला, त्याचं नाव मले पायजे. तुमाले समजलं का बैठकीच्या पयले मले सांगा. शपथ घ्या."

मी घेतली. त्या माणसाचा चेहरा पाहून कुणीही घेतली असती.

२

डॉक्टर खुशाल बिसेन फुटक्या खिडकीला पुठ्ठा लावून बसले होते. वय जेमतेम पस्तीस. चार दिवस दाढी केलेली नव्हती.

"सोमवारी मला काढतील," ते म्हणाले. "काढू द्या. पण माझ्यामागं इथं कोणी येणार नाही. दवाखाना बंद होईल आणि पुढच्या मळणीला हे लोक डोळे घेऊन कुठं जातील?"

मी त्यांना उपचार दाखवायला सांगितला. त्यांनी कपाटातून एक तपकिरी बाटली काढली. आत नारिंगी पाणी होतं. पडदा ओढून त्यांनी थेंबभर पाणी काचेवर टाकलं आणि निळी काच लावलेला दिवा धरला. ते नारिंगी पाणी हिरवंगार चमकायला लागलं. धानाच्या कोवळ्या रोपाला ऊन लागतं ना, तसं.

"फ्लुओरेसिन," डॉक्टर म्हणाले. "धड बुबुळावर हा रंग बसत नाही. जिथं ओरखडा, तिथंच चिकटतो आणि चमकतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी जखम रेघ आखल्यासारखी दिसते. मग काडीच्या टोकावर कार्बोलिक अ‍ॅसिड घेऊन चमकेल तेवढाच भाग जाळायचा. रंगानं निदान आणि रंगाच्याच खुणेवर इलाज, एका बैठकीत दोन्ही."

बोलता बोलता गडी चार दिवसांचं दुःख विसरला. "परदेशात तर म्हणे असा रंग शोधून राहिले, जो गाठीत जाऊन बसतो, उजेडात चमकतो आणि त्याच उजेडानं गाठ जाळतो. मी इथं त्याची धाकटी बहीण वापरतो, असं समजा."

"आणि तुमची काडी जास्त खोल गेली असेल तर?" मी विचारलं.

डॉक्टरांचं तोंड उतरलं. "गाव तेच म्हणते. मीसुद्धा रोज स्वतःला तेच विचारतो."

काडी खोल गेली असेल तर गोष्ट तिथंच संपत होती. मी तसं वहीत लिहिलंही. पण पुढं मला ते खोडावं लागलं. आधी मी बाहेर बाकावर बसलेल्या तीन माणसांना भेटलो.

३

पट्टी बदलायला आलेली ती तीन माणसं म्हणजे आधी डोळा गेलेले तिघे.

धुरपता मोहाडीचीच. धान झोडताना तिच्या डोळ्यात कुसळ गेलं. ती आधी देवाजीकडे गेली होती. हा देवाजी जिभेच्या टोकानं डोळ्यातलं कुसळ काढतो. पन्नास वर्षं काढतो आहे. दुसरी गोदावरीबाई, कुसळच गेलेली, तीही आधी त्याच्याकडेच गेली होती. जिभेनं डोळा चाटायचा म्हणजे अंगावर काटाच येतो. मला वाटलं, सापडला चोर.

तिसरा तुलाराम, चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतला. त्याच्या डोळ्यात दगडाची कपची उडाली होती. त्याला देवाजीचं नाव काढताच हसू आलं.

"कोन देवाजी? मी तं कंपनीच्या ट्रकमंधी बसून सीध्धा इकडंच आलो."

म्हणजे देवाजी सुटला. धानावरच्या कुठल्या किडीचा किंवा फवारणीचा दोष असेल तर तोही सुटला, कारण तुलारामच्या डोळ्याला धान शिवलंच नव्हतं.

"तुमच्या डोळ्यात रंग घातला होता?"

"घातला नं. दोनी डोळ्यात घातला. डॉक्टर बोलले, मिलवून पाहाचं हाय. मंग डाव्याले काडी लावली. डावा गेला, उजवा चांगला हाय. मंग रंगाची काय चूक, साहेब? काडीचीच होय."

बरोबर होतं त्याचं. एकाच बाटलीतला रंग दोन्ही डोळ्यांत, आणि एकच डोळा जातो. शिवाय दिवाळीनंतर पाणी गळणाऱ्या वीसेक डोळ्यांतही डॉक्टरांनी आसवांची नळी तपासायला तोच रंग घातला होता. त्यांना काहीच झालं नव्हतं.

रंग सुटला. उरली काडी, आणि काडी धरणारा हात.

नर्स शोभाताई बोलायला तयार नव्हत्या. मी ड्रॉपर उकळण्याबद्दल विचारलं तेव्हा मात्र भडकल्या. "रोज सकाळी वीस मिनिटं उकळतो. घड्याळ लावून. तुम्ही काय माझ्यावर घालायला आले काय?"

"नाही हो ताई. त्या चौघांच्या पट्ट्या कशा असायच्या, एवढंच सांगा."

"हिरव्या," त्या म्हणाल्या. "रंगाच्या. तीन दिवस निघत नव्हता तो रंग. शेवटपर्यंत हिरव्याच."

मी वही मिटली आणि पुन्हा उघडली. डॉक्टरांनी काचेवर टाकलेला तो थेंब माझ्या बोटाला लागला होता. पाण्याखाली हात धरला तर दोन मिनिटांत निघून गेला. मग सतत पाणी गाळणाऱ्या डोळ्यात तो तीन दिवस कसा राहील?

४

पुंडलिकराव मला आपल्या घरी मंदाबाईंकडे घेऊन गेले आणि स्वतः बाहेरच थांबले. "माह्यासमोर थे बोलनार नाई," म्हणाले.

बाई उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून चुलीपाशी बसली होती. रडण्याची खूण कुठं नाही. मला ते बरं वाटलं नाही.

"बसा भाऊ. चहा मांडतो."

तिनं साखरेचा डबा काढला. तळाशी चमचाभर साखर होती. त्यातली चिमूटभर घेऊन बाकीची तिनं तशीच ठेवली. चहा फिका झाला. मी तोंड वाकडं केलं असावं, कारण ती हसली.

"डबा खरवडाचा नाई, भाऊ. सासूनं शिकवलं. ढोलीतलं धान असो का मीठ असो, तळाले थोडं राहू द्याचं आन् वरून नवं टाकाचं. रिकामा केला का बरकत जाते. आमच्या यायले तं माह्याहून जास्त हाय थे."

मी तो फिका चहा पीत राहिलो आणि डोळ्याबद्दल विचारलं.

"तांदूळ पाखडता पाखडता कोंडा गेला. जराशीक खुपत होतं. यायनंच दवाखान्यात नेलं. थेंब बी यायनंच टाकला. 'मंदे, वर पाह्य' म्हनले. डॉक्टरनं निळ्या दिव्यानं पाह्यलं आन् बोलले, एवढीशी रेघ हाय, हिले काडी लावाची गरज नाई. नुसती पट्टी बांधली."

"काडी लावलीच नाही?"

"नाई नं. मी सगळ्यायले सांगून राहिलो, पन कोनी आयकत नाई. आमचे हे बी नाई आयकत. राग डॉक्टरवर बसला नं त्यायचा."

मी बशी खाली ठेवली. चौघांपैकी तिघांना काडी लागली होती, चौथीला लागलीच नव्हती. काडीही सुटली.

"आणखी काही आठवतं?"

"वास," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशीपासून पट्टीले मोहफुलाचा वास येत होता. गोड. मले वाटलं, मीच भ्रमात हावो."

मोहफुलासारखा गोड वास आणि न धुतला जाणारा हिरवा पू. बावीस वर्षांत मी तो जंतू काचेखाली अनेकदा पाहिला होता, भाजलेल्या माणसांच्या जखमांत. तो ओलाव्यात वाढतो, थोड्याशा पाण्यावरही जगतो आणि स्वतःचा हिरवा रंग सोडतो. शोभाताई ज्याला औषधाचा रंग समजत होत्या, तो रोगाचा रंग होता.

पण तो आला कुठून? आता चौघांमध्ये समान उरली होती एकच गोष्ट, आणि तिला तर मी आधीच सोडून दिलं होतं.

५

मी पुंडलिकरावांकडे रंगाचा नमुना मागितला.

"आत्ताच ताजा बनवतो नं, तुमच्यासमोर," ते म्हणाले. डिस्टिल्ड वॉटर उकळलं, पूड तोलून घातली, पुन्हा उकळलं, झाकलं. हात असे चालत होते की देवपूजा चाललीय म्हणावं. मी त्यातला थेंब जंतू वाढवायच्या तबकडीवर घेतला आणि संध्याकाळच्या एसटीनं भंडाऱ्याला नेला.

सकाळी तबकडी स्वच्छ. एक ठिपका नाही. माझा अंदाज साफ चुकला होता.

पडल्या तोंडानं मी त्याच दिवशी, शुक्रवारी, परत मोहाडीला गेलो. डॉक्टरांना काय सांगायचं, याचा विचार करत औषधांच्या खोलीत बसलो होतो. पुंडलिकराव कालचा ताजा रंग घेऊन आले. टेबलावर डॉक्टरांची चालू बाटली होती, तीच तपकिरी. तिच्या तळाशी बोटभर जुना रंग शिल्लक होता. पुंडलिकरावांनी झाकण काढलं, बाटलीचं तोंड स्पिरिटनं पुसलं आणि तो नवा, उकळलेला, निर्मळ रंग वरून त्या जुन्यावर ओतला.

"जुना फेकत नाही?" मी विचारलं.

"औषध बी लक्ष्मीच नं, साहेब. साफ रिकामी करू नये." ते हसले. "थोडासा राहू द्याचा आन् भर घालाची. ही बाटली डॉक्टरसाहेब आले तईपासून एकदा बी रिकामी झाली नाई."

चांगले अभिमानानं सांगत होते.

मी डोकं दुखतं म्हणून त्यांना चहा सांगायला पाठवलं आणि चालू बाटलीतला एक थेंब दुसऱ्या तबकडीवर घेतला. ती बाटली मी पिशवीत टाकली. देवाची शपथ, त्या वेळी मी मनात म्हणत होतो की या तबकडीवर काही उगवू नये.

६

शनिवारी सकाळी झाकण उघडण्याआधीच मोहफुलाचा वास आला.

डॉक्टरांच्या खोलीत पडदा ओढून आम्ही तबकडीवर निळा दिवा धरला. तबकडीभर हिरवी, मळकट चमक होती.

"पण तुलारामच्या दोन्ही डोळ्यांत हाच रंग होता," डॉक्टर म्हणाले.

"धड बुबुळात हा जंतू शिरत नाही, डॉक्टर. दार बंद असतं. तुलारामचा उजवा डोळा धड होता. पाणी गळणारे ते वीस डोळेही धड होते. ओरखडा चौघांनाच होता. तुमचा रंग जखमेलाच चिकटतो ना? जंतूंना आपण हात धरून नेमकं तिथंच नेऊन सोडलं."

"आणि दिवाळीच्या आधी?"

"तेव्हा बाटली चांगली असणार. मग कधीतरी कुण्या सडक्या डोळ्याला ड्रॉपरचं टोक लागलं आणि तेच टोक बाटलीत बुडलं. ड्रॉपर रोज उकळायचा, रंग ताजा बनायचा. उकळली नाही ती फक्त ती बोटभर शिल्लक. रोज नवं खाऊन ती वाढत राहिली."

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नागपूरला या रंगाच्या कागदी पट्ट्या मिळतात. एकेक वेगळी, जंतू मारलेली. त्या निघाल्याच बाटलीच्या या भीतीमुळं. मला ठाऊक होतं, केवळराम. मी शिकलो होतो. पण पुंडलिकरावांची स्वच्छता पाहून मी निश्चिंत झालो."

"सोमवारी बैठकीत हेच सांगा, आपल्या चुकीसकट."

"सांगतो. पण त्यांचं नाव मी घेणार नाही. कंपनीकडूनच पूड खराब आली, असं लिहू. केवळराम, त्या माणसाच्या हातानं त्याच्या बायकोचा..."

मलाही तेच लिहावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण खोटं लिहिलं असतं तर कुठल्यातरी दुसऱ्या दवाखान्यात दुसरी बाटली भरत राहिली असती. आणि मी शपथ घेऊन बसलो होतो.

७

मी पुंडलिकरावांना दवाखान्यामागच्या विहिरीपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांची चूकही सांगितली. कुणी मुद्दाम केलं नाही, हे तीनदा सांगितलं.

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं, बादली ओढली आणि ते हात धुवायला लागले. धूतच राहिले. शेवटी मी बादली बाजूला सरकवली.

"उद्या इतवार हाय," ते म्हणाले. "तिघायच्या घरी जातो. तुमी चाला सोबत. मले नीट सांगता नाई आलं तं तुमी सांगा."

रविवारी गेलो. धुरपताच्या नवऱ्यानं त्यांची कॉलर धरली आणि मग आपणच मटकन खाली बसला. गोदावरीबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. मँगनीजच्या ट्रकमध्ये बसून आम्ही चिखल्याला पोचलो. तुलारामनं चहा दिला आणि एवढंच विचारलं, "माह्या दुसऱ्या डोळ्याले तं आता काई होनार नाई नं?" मी नाही म्हटलं. पुंडलिकरावांनी त्याच्या पायाला हात लावला तेव्हा तो गडबडून उठून उभा राहिला.

कुठंही माझी गरज पडली नाही. तिन्ही घरी त्यांनी नीट सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

मोहाडीला परतलो तेव्हा ऊन कलत होतं. मंदाबाई ओसरीवर सूप घेऊन बसली होती. एका डोळ्यानं तांदूळ निवडायची तिला अजून सवय नव्हती, सूप ती तोंडाजवळ धरत होती. पुंडलिकराव तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"मंदे, डॉक्टरची चूक नाई. जंतू बाटलीत होते. बाटली माही होती. मी भर घालत राहिलो."

सूप थांबलं.

"आनखी कोनाले सांगतलं?"

"धुरपताले. गोदावरीबाईले. तुलारामले."

"मंग मले सगळ्यायच्या मांगून काहून?"

"थे लोक मारतीन असं वाटलं होतं. मारलं असतं तं बरं झालं असतं. तू मारत नाईस, मालूम होतं मले. म्हनून तुह्यासमोर याची हिंमत नाई झाली."

"मी काय करीन, हे तुमीच ठरवलं?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माहा डोळा गेला. सगळे येऊन तुमालेच समजावून राहिले. मी बी तुमालेच समजावत राहिलो. मले राग येत नाई का? जा. बाहेर बसा. आता मले तुमी नोका."

ते उठले आणि पायरीवर जाऊन बसले. तिनं आत जाऊन दार लोटलं.

मग ती रडायला लागली. डोळा काढला त्या दिवशीही ती रडली नव्हती, कारण कुणाच्या नावानं रडायचं हेच तिला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं होतं. मोठ्यानं, गळा काढून, शेजारची बाई कुंपणापाशी येऊन परत गेली इतकं ती रडली.

पुंडलिकराव गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. त्यांनी कान झाकले नाहीत. माझ्या एसटीची वेळ झाली होती आणि खरं सांगायचं तर मला तिथून पळायचंच होतं. मी पिशवी उचलली.

त्यांनी माझ्याकडे न पाहताच माझ्या धोतराचा सोगा धरला.

"बसा साहेब," ते म्हणाले. "एकट्यानं आयकवत नाई."